माहिष्मतीची मालकी

'बाहुबली' हा चित्रपट २०१५ मध्ये आला, त्याचा उत्तरार्ध २०१७ मध्ये आला आणि दोन्ही भाग कापून-जोडून केलेली सलग आवृत्ती २०२५ च्या ऑक्टोबरअखेर पुन्हा पडद्यावर झळकली. प्रत्येक वेळी त्याच्या पाठोपाठ एक ठरलेला वादही येतो. माहिष्मती हे नर्मदाकाठच्या एका प्राचीन नगरीचे नाव असून चित्रपटवाल्यांनी ते पळवले, त्यामुळे नव्या पिढीला खरी माहिष्मती कधीच कळणार नाही, असे एक पक्ष तावातावाने म्हणतो. दुसरा पक्ष हात झटकून विचारतो, की करमणुकीच्या गोष्टीत नुसते एक नाव घेतले, त्यात इतिहासाचे काय बिघडले? या दोघांच्या मध्ये, चित्रपटातले राजघराणे खरोखरच होऊन गेले असे मनापासून मानणारा एक भाबडा वर्ग असतो आणि त्याच्याकडे बोट दाखवून पहिला पक्ष आपला मुद्दा सिद्ध झाल्याचे जाहीर करतो.

मला हा वाद मुळातच चुकीच्या पायावर उभा असलेला वाटतो, कारण तिन्ही बाजूंचा एक समज समान आहे : ज्याच्याकडे नाव, त्याच्याकडे इतिहास. म्हणूनच एकाला नाव गेले की इतिहास गेला असे वाटते, दुसऱ्याला नाव क्षुल्लक ठरवल्याखेरीज चित्रपटाचा बचाव करता येत नाही आणि तिसरा नाव ऐकल्याबरोबर पुरावा मिळाला असे धरून चालतो. माझे म्हणणे असे आहे, की उघडपणे कल्पित असलेल्या कथेने प्राचीन नगरीचे नाव घेणे हा इतिहासावरचा अन्याय नाही. माहिष्मती या नावाचा आजवरचा प्रवासच मुळी अशा उसनवारीतून झालेला आहे. इजा होते ती त्याच नावाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्याच्याकडून हवे ते वदवून घेतले जाते तेव्हा, आणि हा उद्योग चित्रपटवाल्यांपेक्षा स्वतःला इतिहासाचे राखणदार म्हणवणारेच अधिक उत्साहाने करत आले आहेत.

माहिष्मतीविषयी खात्रीने सांगता येईल असे थोडेथोडके नाही. बौद्ध वाङ्मयातील दीघनिकायात 'माहिस्सती' ही अवंतीची नगरी म्हणून येते. सुत्तनिपातातील पारायणवग्गात गोदावरीकाठच्या बावरी नावाच्या ब्राह्मणाचे सोळा शिष्य बुद्धाच्या भेटीला निघतात तेव्हा त्यांची वाट पतिट्ठान, म्हणजे आपले पैठण, तिथून माहिस्सती, मग उज्जेनी आणि पुढे विदिशा, कोसंबी, साकेत, सावत्थी अशी सांगितली आहे. दक्षिणेतून उत्तरेकडे जाणाऱ्या त्या मोठ्या वाटेवर पैठणनंतर नाव येते ते थेट या नगरीचे. सांचीच्या स्तूपावर कोरलेल्या दानलेखांत या गावचे दाते आहेत. पतंजलीने तर महाभाष्यात व्याकरणाचे एक उदाहरण देताना उज्जयिनीहून निघालेला माणूस माहिष्मतीला पोहोचून तिथे सूर्योदय गाठतो, असे आश्चर्याच्या अर्थाने सांगितले आहे. त्याला भूगोल शिकवायचा नव्हता, क्रियापदाचे एक रूप समजावून द्यायचे होते, आणि म्हणूनच त्याची साक्ष मला अधिक मोलाची वाटते. शिवाय महाभारताच्या सभापर्वात सहदेव दक्षिण दिग्विजयावर निघाला असता माहिष्मतीच्या नील राजाच्या बाजूने साक्षात अग्नी उभा राहतो, आणि पुराणांत ही हैहयांची, सहस्रबाहू कार्तवीर्य अर्जुनाची राजधानी आहे. म्हणजे रस्त्यावरचे गाव, दात्यांचे गाव, व्याकरणातले गाव आणि दंतकथेतले गाव अशा चारही नात्यांनी हे नाव दोन हजारांहून अधिक वर्षे वापरात आहे.

आणि तरीही ती नगरी नेमकी कुठे होती, यावर विद्वानांचे एकमत व्हायला फार वेळ लागला. कनिंगहॅम यांनी मंडला सुचवले, पार्गिटर आणि फ्लीट यांनी ओंकारेश्वराजवळचे मांधाता मानले, लुईस राइस यांनी तर नाव थेट म्हैसूरकडे ओढले. महेश्वरच्या बाजूने उभे राहिलेल्यांत वा. वि. मिराशी होते आणि आज बहुतेक अभ्यासक महेश्वरच मानतात. मंडला, मांधाता, महेश्वर, म्हैसूर : सगळे दावेदार 'म'चे, हा काही निव्वळ योगायोग नव्हे, कारण कानाला जुळणारे नाव शोधायचे आणि मग त्याभोवती पुरावा रचायचा, ही पद्धत त्या काळी सर्रास चालत असे. ह. धी. सांकलिया यांनी १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा त्या दशकाच्या अखेरीस आपल्या सहकाऱ्यांसह महेश्वर आणि नर्मदेच्या पैलतीरावरचे नावडातोली इथे उत्खनन केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा त्यात मोठा वाटा होता. त्या खोदकामातून इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात तिथे राहणाऱ्या शेतकऱ्यांची गोल आणि चौकोनी कुडाची घरे, लाल भांड्यांवर काळ्या रंगात काढलेली नक्षी, गव्हाचे आणि पुढच्या थरांत तांदळाचे जळके दाणे बाहेर आले. त्या माणसांनी आपल्या वस्तीला काय म्हटले होते, हे खापरांवरून कळण्याची सोय नाही. पण ते काय खात होते, कसे राहत होते, हे नावाविना इतके स्पष्ट कळते, की नावाच्या मालकीवरून चाललेली हमरीतुमरी त्यापुढे पोरकट वाटू लागते.

आता उसनवारीकडे येऊ. कालिदासाच्या रघुवंशाच्या सहाव्या सर्गात इंदुमतीच्या स्वयंवराला अनूप देशाचा प्रतीप नावाचा राजा आला आहे. इंदुमतीची प्रतिहारी सुनंदा त्याची ओळख करून देताना म्हणते, की माहिष्मतीच्या तटाला मेखलेसारखी वेढून वाहणारी रेवा, म्हणजे नर्मदा, राजवाड्याच्या जाळीतून पाहायची हौस असेल, तर या 'दीर्घबाहू'ला वर. (हे विशेषण आणि चित्रपटाचे नाव यांचे जुळणे हा योगायोग आहे, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या त्यावरही कोणी प्रबंध लिहील.) कालिदास गुप्तकालीन मानला जातो आणि प्रसंग रामाच्या आजोबांच्या लग्नाचा आहे. म्हणजे कवीने आपल्या काळात सुपरिचित असलेले नाव उचलून दंतकथेच्या काळात नेऊन ठेवले, त्याला एक राजा दिला, एक राजवाडा दिला आणि एक खिडकी दिली. यात आणि चित्रपटाच्या दिग्दर्शकाने केलेल्या कृतीत जातीचा फरक कोणता? प्रतिभेचा फरक आहे, तो मी आनंदाने मान्य करतो. पण कालिदासाने माहिष्मती चोरली असे म्हणण्याचे धाडस कोणी केलेले नाही. उलट झाले ते असे, की 'मेखलेसारखी वेढणारी' या त्याच्या उपमेचा आधार घेऊन माहिष्मती नदीने वेढलेल्या बेटावरच असली पाहिजे, म्हणून ती मांधाताच, असा युक्तिवाद केला गेला. कवीने कल्पना केली आणि पंडितांनी तिचा नकाशा केला. यातली चूक कोणाची?

कवींना सूट असते, असे कोणी म्हणेल, तर राजांकडे पाहावे. मध्ययुगीन दख्खनच्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत 'पुरवराधीश्वर' हे पद बिरुदावलीत हमखास येते, म्हणजे अमुक श्रेष्ठ नगरीचा स्वामी. मान्यखेटाहून राज्य करणारे राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार 'तगरपुरवराधीश्वर' होते, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे स्वामी, आणि त्यांची राजधानी मात्र तेरला नव्हती. देवगिरीचे यादव 'द्वारावतीपुरवराधीश्वर' होते आणि त्यांच्याशी हाडवैर असलेले होयसळही 'द्वारावतीपुरवराधीश्वर'च होते. एकाच द्वारकेचे दोन स्वामी दख्खनमध्ये एकमेकांशी लढत होते आणि खरी द्वारका दोघांच्याही हाती नव्हती. याच रीतीने दख्खनमधल्या हैहयवंशी म्हणवणाऱ्या मांडलिक घराण्यांनी माहिष्मतीचे स्वामित्व आपल्या बिरुदात मिरवले. त्यांतल्या कितींनी नर्मदा पाहिली असेल? नाव हे त्यांच्यासाठी वंशाची ग्वाही होते, प्रजेने आणि शेजाऱ्यांनी मान तुकवावी म्हणून लावलेले तोरण होते. पडद्यावरची माहिष्मती तिकीट काढणाऱ्याला दोन-तीन तास दिपवते आणि घरी पाठवते. शिलालेखातली माहिष्मती करभार मागत असे. दोहोंपैकी अधिक लबाड कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

नावे समुद्र ओलांडूनही गेली. आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्याचे नाव अंगदेशाच्या राजधानीशी जुळते, आणि त्या राज्याच्या प्रदेशांत एक अमरावती होती, तर एक चक्क पांडुरंग होता, ज्याचा अपभ्रंश फान रांग या शहराच्या नावात आजही ऐकू येतो. सयामात द्वारावती झाली, चौदाव्या शतकात अयोध्येच्या नावाची अयुथया झाली. फार लांब कशाला, पुराणांतील पुरूरव्याचे प्रतिष्ठान प्रयागजवळ आहे आणि आपले प्रतिष्ठान गोदावरीकाठी. म्हणून पैठणकरांना कोणी नावचोर म्हणत नाही.

विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. त्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा मालकीचा नसून प्रतिमेचा आहे. शब्दांतली माहिष्मती वाचकागणिक वेगळी असते. पडद्यावरची माहिष्मती कोट्यवधी माणसांसाठी एकाच वेळी एकसारखी होते आणि मग तिला हटवणे कठीण जाते. कालिदासाच्या श्लोकाने कोणाच्या डोळ्यांपुढची नगरी पुसली नाही; चित्रपटाच्या भव्य सोनेरी पुतळ्याने ती पुसली, कारण तिथे दुसरे चित्र नव्हतेच. हा आक्षेप मला पटतो, आणि त्यात माझी एक वैयक्तिक खंतही मिसळलेली आहे. दीघनिकायासारखा अपवाद सोडला, तर माहिष्मतीची बहुतेक वर्णने नर्मदेला सोबत घेऊनच येतात. कार्तवीर्याने हजार हातांनी अडवले ते तिचेच पाणी, आणि महेश्वरजवळ खडकांतून असंख्य धारांनी फुटणाऱ्या प्रवाहाला सहस्रधारा म्हणतात तेही त्याच कथेच्या आठवणीने. चित्रपटाने नगरी घेतली आणि नदी सोडली. त्या जागी केरळातल्या अथिरापल्लीच्या धबधब्यावरून वाढवलेला एक आभाळाएवढा प्रपात आणून ठेवला. देवसेनेच्या छोट्या राज्याला दिलेले 'कुंतल' हे नावही असेच अधांतरी आहे, कारण ऐतिहासिक कुंतल म्हणजे दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाचा कृष्णाकाठचा विस्तीर्ण मुलूख. पण ही तक्रार रसिकाची आहे, फिर्यादीची नव्हे. ज्या नावामागे नदी उभी होती ते नाव घेऊन नदीचा उपयोग करता आला नाही, हे कल्पनाशक्तीचे दारिद्र्य झाले, आणि त्यावर समीक्षकाने लिहावे. त्यासाठी इतिहासाची अब्रू गेली म्हणून गळा काढण्याचे कारण नाही.

शिवाय पुसले गेले म्हणताना आधी काय लिहिलेले होते, हेही विचारायला हवे. २०१५ पूर्वी माहिष्मती कुठे आहे, हे किती सुशिक्षित मराठी माणसांना सांगता आले असते? महेश्वर आपल्याला ठाऊक होते ते अहिल्याबाई होळकरांची राजधानी म्हणून, घाटांसाठी आणि महेश्वरी साड्यांसाठी. त्याच गावाच्या पोटात बावरीच्या शिष्यांचा मुक्काम असू शकतो, हे आपल्या शालेय इतिहासात कुठे होते? जुने नाव बोलीतून गेले आणि देवाच्या नावाचे नवे रूढ झाले, ही घटना चित्रपट नावाची कला जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा. नाव महेश्वरचे, कमाई दुसऱ्यांची; चित्रपटासाठी उभारलेली माहिष्मती हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत आहे, आणि पर्यटक तिकीट काढून प्लास्टर आणि फायबरचे बुरूज पाहतात. यातली विसंगती बोचते, हे खरे. पण प्राचीन नावावर आर्थिक हक्क आहे असे एकदा मान्य केले, तर तो कोणाला द्यायचा? महेश्वरला दिला तर मांधाता भांडणार, आणि म्हैसूरचेही जुने कागद बाहेर निघणार. नावावर मक्ता मागणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले नाही, की मक्ता द्यायचा तर आधी ओळख निश्चित करावी लागेल, आणि ती निश्चिती पुराव्याऐवजी मोर्चाच्या बळावर होईल. इतिहासाची त्याहून मोठी हानी मला सुचत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्याकडे कथा आणि इतिहास यांच्यामधली भिंत पातळ आहे, आज जे पडद्यावर दिसते ते उद्या परंपरा म्हणून सांगितले जाते, तेव्हा कल्पिताला मोकळीक देणे धोक्याचे आहे, असे तो म्हणतो. भिंत पातळ आहे, हे मला मान्य आहे. पण ती कोण पोखरते ते पाहावे. 'बाहुबली'ने सनावळी दिली नाही, कालखंड सांगितला नाही, आणि त्यातली एक टोळी तर या चित्रपटासाठीच रचलेली किलिकी नावाची भाषा बोलते. अशी कथा आपण कल्पित असल्याचे पावलोपावली कबूल करत असते. याउलट २०१६ चा 'मोहेंजो दारो' घ्यावा. तिथे विशिष्ट प्राचीन काळ आहे, पुरातत्त्वज्ञांचा सल्ला घेतल्याचा निर्वाळा आहे आणि त्या काळातली पात्रे आपल्या शहराला मोहेंजो-दारो म्हणतात. हे नाव सिंधी आहे, 'मृतांचे टेकाड' असा त्याचा अर्थ लावतात, आणि शहर ओसाड पडल्यानंतर खूप काळाने लोकांनी त्या ढिगाऱ्याला ते दिले. नांदत्या शहराच्या नागरिकांनी आपल्या गावाला मढ्यांचा ढीग म्हणावे, यातला विनोद त्या वेळी फारसा कोणी लक्षात घेतला नाही, कारण चित्रपटावर 'ऐतिहासिक' अशी पाटी होती. प्रेक्षकाची फसगत होण्याचा धोका कुठे जास्त : सगळेच खोटे आहे असे सांगणाऱ्या कथेत, की काही खरे आहे असे सुचवणाऱ्या कथेत?

इथे दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द ऐकवायला हवेत, कारण 'नुसते नाव तर घेतले' हा बचाव मला तितकाच नापसंत आहे. नाव नुसते असते, तर कोणतीही चार अक्षरे जुळवून भागले असते. माहिष्मती निवडली गेली ती त्या शब्दात शतकांचे वजन आहे म्हणून. तो उच्चारताच ऐकणाऱ्याला काहीतरी पुरातन, राजस आणि ओळखीचे वाटते, आणि हा परिणाम आयता मिळतो. बाहुबली या नावाचेही तेच. जैन परंपरेतला ऋषभपुत्र बाहुबली राज्यासाठी भाऊ भरताशी झुंजतो, जिंकतो, आणि जिंकल्याच्या क्षणी त्याला विजयाचाच वीट येऊन तो राज्य सोडून देतो. श्रवणबेळगोळच्या त्याच्या प्रचंड मूर्तीच्या पायाशी 'श्रीचावुंडराजे करवियले' ही मराठीतली ओळ कोरलेली आहे, तेव्हा त्याच्याशी आपलेही जुने नाते आहे. भाऊबंदकी चित्रपटानेही घेतली, फक्त शेवट उलटा केला. घेतलेल्या गोष्टीचे असे रूपांतर करण्याचा लेखकाला पूर्ण अधिकार आहे. पण आपण काहीच घेतले नाही, असा आव आणण्याचा नाही. उसने घेतले हे श्रेयनामावलीत एका ओळीने सांगितले असते, तर कोणाचे काय गेले असते? सक्तीच्या सूचना, नावावर बंदी, न्यायालयीन फेऱ्या यांतले काहीच मी मागत नाही. मागतो ते एवढेच, की चित्रपटाच्या निमित्ताने माहिष्मतीचा कैवार घेणाऱ्यांनी सांकलियांचा उत्खननाचा अहवाल एकदा तरी उघडून पाहावा आणि मग बोलावे.

माधवाच्या नावावर असलेल्या शंकरदिग्विजयात आचार्य मंडनमिश्रांच्या शोधात रेवाकाठच्या माहिष्मतीत येतात आणि पाण्याला निघालेल्या दासींना घर विचारतात. दासी सांगतात, की ज्या दारापुढच्या पिंजऱ्यांतल्या पोपटिणी 'प्रमाण स्वतःच सिद्ध असते की दुसऱ्याच्या आधाराने' याचा खल करत असतील, ते घर मंडनमिश्रांचे. आचार्य त्या खुणेवरून बरोबर घर गाठतात. ते घर आमच्याकडे होते असे नर्मदाकाठचे मंडलेश्वरही सांगते आणि बिहारच्या सहरसा जिल्ह्यातले महिषीही, आणि महिषीचा मुख्य आधार म्हणजे तिच्या नावाचे माहिष्मतीशी असलेले साम्य.